चेहरा आधी, कान नंतर

रायपूरच्या गोल बाजारात, ऐन लग्नसराईत, एखाद्या कापडाच्या दुकानाची पायरी चढून पाहा. गादीवरचा मालक लगेच तोंड उघडत नाही. थान उलगडणारा पोरगाही आधी नुसता बघत असतो. नजर कुठल्या रंगावर थांबली, सोबतच्या सासूबाईंनी नाक मुरडले का, हातात दुसऱ्या दुकानाची पिशवी आधीच आहे का, हे सगळे तो हेरतो आणि मग विचारतो, "का चाही, दीदी?" घाई केली तर गिऱ्हाईक "नुसते बघतेय" म्हणून पुढे सरकते. उशीर केला तर ते शेजारच्या दुकानात शिरते. हे कसब कोणी शिकवत नाही. गादीच्या कडेला चार वर्षे बसून ते अंगी मुरते.

१९९० च्या दशकात जगातल्या सर्वांत मोठ्या सॉफ्टवेअर कंपनीने, मायक्रोसॉफ्टने, नेमके हेच कसब यंत्राला शिकवायचे ठरवले. त्यासाठी चांगले गणितज्ञ कामाला लावले आणि गणितही बऱ्यापैकी जमवले. माल बाजारात धाडायची वेळ आली तेव्हा मात्र कसब बरेचसे प्रयोगशाळेतच राहिले, आणि पुढे आला फक्त चेहरा. डोळे मिचकावणारी ती कागदाची क्लिप ज्यांनी पाहिली आहे, त्यांना पुढची गोष्ट अर्धी ठाऊक आहे. उरलेली अर्धी अधिक रंजक आहे.

सुरुवात क्लिपपासून झाली नाही, एका सांबरापासून झाली. १९८४ च्या जानेवारीत ॲपलने मॅकिंटॉश हा संगणक लोकांपुढे आणला तेव्हा त्याने स्वतःच्या यांत्रिक आवाजात स्वतःची ओळख करून दिली होती. आवाज काढणारा हा प्रोग्राम हाताशी आहे म्हटल्यावर १९८६ मध्ये स्टीव्हन हॉल्स या कॅनडातल्या प्रोग्रामरने 'टॉकिंग मूस' तयार केला. मूस म्हणजे उत्तर अमेरिकेतले धिप्पाड सांबर. तुम्ही काम थांबवून विचार करत बसलात की हे सांबर पडद्याच्या कोपऱ्यातून डोके काढी आणि काहीतरी तिरकस बोलून गप्प होई. बोलताना त्याचे ओठ शब्दांबरोबर हलत, हेच त्या काळात नवल होते. उपयोग शून्य. म्हणूनच बहुधा लोकांना ते आवडले, कारण मदत करतो असे ते कधी म्हणालेच नाही.

पुढच्याच वर्षी ॲपलने 'नॉलेज नॅव्हिगेटर' नावाची एक कल्पनाचित्रफीत काढली. तिच्यात एक प्राध्यापक घडीच्या संगणकासमोर बसून पडद्यावरच्या, गळ्याला बो बांधलेल्या तरुण साहाय्यकाशी गप्पा मारतो. साहाय्यक निरोप सांगतो, संशोधनलेख शोधतो, प्राध्यापकाच्या आईचा फोन आल्याचेही सांगतो. यातले काहीही तेव्हा अस्तित्वात नव्हते, सगळे नटांनी वठवलेले होते. पण पुढची वीस वर्षे संगणकवाल्यांच्या डोक्यात साहाय्यकाचे चित्र पक्के झाले ते या फितीमुळे.

या चित्राला शास्त्राचा टेकू मिळाला स्टॅनफर्ड विद्यापीठातून. बायरन रीव्हज आणि क्लिफर्ड नॅस या दोन प्राध्यापकांनी माणसे संगणकाशी कशी वागतात हे पाहायला साधे प्रयोग केले. एका प्रयोगात लोक संगणकावर धडा शिकले आणि मग 'हा संगणक कसा वाटला' हे त्यांना विचारण्यात आले. प्रश्न त्याच संगणकाने विचारला तर लोक गोड बोलत. दुसऱ्या संगणकाने विचारला तर जरा खरे सांगत. म्हणजे तोंडावर वाईट कसे म्हणायचे, हा संकोच माणसे यंत्रापुढेही बाळगतात. विचारले तर मात्र सगळे ठामपणे सांगत, छे, मी यंत्राची भीड कशाला धरू? १९९६ मध्ये दोघांनी हे सारे 'द मीडिया इक्वेशन' या पुस्तकात मांडले.

मायक्रोसॉफ्टने या संशोधनातून अर्थ काढला की संगणकाला चेहरा दिला तर लोकांची भीती जाईल. माझ्या मते धडा उलटा होता. चेहरा नसतानाही लोक यंत्राकडून रीतभातीची अपेक्षा करतात, तर चेहरा दिल्यावर त्याचा उद्धटपणा किती बोचेल याचा विचार आधी करायला हवा होता.

तो न करता १९९५ मध्ये 'मायक्रोसॉफ्ट बॉब' आला. संगणक उघडला की एक चित्रातले घर दिसे. पत्र लिहायचे तर टेबलावरच्या कागदावर क्लिक करा, वेळ पाहायची तर भिंतीवरच्या घड्याळावर. रोव्हर नावाचा पिवळा कुत्रा शेपूट हलवत सूचना देई. या उत्पादनाच्या विपणनाची जबाबदारी मेलिंडा फ्रेंच यांच्याकडे होती. त्या पुढे मेलिंडा गेट्स म्हणून जगाला माहीत झाल्या. नवशिक्यांसाठी म्हणून काढलेल्या या प्रोग्रामला किंमत होती सुमारे शंभर डॉलर आणि लागत होती ८ एमबी मेमरी, जी तेव्हा नवशिक्यांकडे सहसा नसायची. वर्षभरात बॉब गुंडाळला गेला. कुत्रा मात्र वाचला. २००१ च्या विंडोज एक्सपीमध्ये फाइल शोधायला गेलात की खाली बसून पानावर पान उलटणारा तो हाच रोव्हर. आपल्याकडच्या किती मुलांनी काहीही हरवलेले नसताना नुसते त्याला बघण्यासाठी 'सर्च' उघडले असेल!

आता क्लिप. मायक्रोसॉफ्टच्या संशोधन विभागात एरिक हॉर्विट्झ आणि त्यांचे सहकारी १९९३ पासून 'ल्युमिएर' नावाच्या प्रकल्पावर काम करत होते. माणूस पडद्यावर काय करतो आहे, कुठल्या मेनूत शिरून काही न करता बाहेर येतो आहे, माउस कुठे घुटमळतो आहे, नुकतेच केलेले किती वेळा पुसतो आहे, यावरून त्याला काय हवे असेल याची संभाव्यता काढायची, असा तो प्रकल्प. संभाव्यतेचे गणित बेझच्या सूत्राचे. हाती येणाऱ्या प्रत्येक नव्या पुराव्यागणिक आधीचा अंदाज दुरुस्त करत जायचे, हे त्या सूत्राचे मर्म. दुकानातला पोरगा डोळ्यांनी करतो तेच, फक्त आकड्यांत.

त्यासाठी त्यांनी केलेला प्रयोग सांगण्याजोगा आहे. काही लोकांना एक्सेलमध्ये काम दिले आणि मदतीला एक नवा प्रोग्राम आहे असे सांगितले. प्रत्यक्षात तज्ज्ञ माणसे वेगळ्या ठिकाणी बसून त्यांचा पडदा पाहत आणि सल्ला टंकून पाठवत. निष्कर्ष दोन. एक, नुसत्या माउसच्या हालचालींवरून तज्ज्ञांना बऱ्याचदा अडचण ओळखता येते, तरी अनिश्चितता उरतेच. दोन, चुकीचा सल्ला फार महाग पडतो, कारण माणूस आपले काम सोडून त्या सल्ल्याच्या मागे लागतो. दुसरा निष्कर्ष ज्यांनी वाचायला हवा होता त्यांनी वाचला नसावा, किंवा वाचून बाजूला ठेवला.

ऑफिस ९७ बाजारात आले तेव्हा ल्युमिएरचा थोडाच भाग त्यात उतरला होता. तुम्ही स्वतः प्रश्न विचारलात तर उत्तर शोधताना बेझचे गणित वापरले जाई. पडद्याच्या कोपऱ्यातली कागदाची क्लिप न विचारता देई ते सल्ले मात्र साध्या ठरीव नियमांवर चालत. वापरणारा नवखा की मुरलेला, याची नोंद ठेवणारी व्यवस्था वगळली गेली. त्यामुळे क्लिपला कालचे आज आठवत नसे. एखाद्याने शंभर पत्रे लिहिली असली तरी एकशे एकाव्या पत्राचा मायना टंकताच ती डोळे विस्फारून हजर: पत्र लिहिताय वाटतं, मदत करू?

तिचे खरे नाव क्लिपिट. क्लिपी हे लोकांनी पाडलेले. ती काढली केव्हन ॲटबेरी या वॉशिंग्टन राज्यातल्या चित्रकाराने. साहाय्यकासाठी त्याने आणि इतरांनी मिळून सुमारे अडीचशे पात्रे रेखाटली होती आणि चाचण्यांत ही क्लिप वर आली. हातपाय नाहीत, तोंड नाही, फक्त दोन डोळे, दोन भुवया आणि वाकवता येणारी तार. एवढ्यात आश्चर्य, कंटाळा, खट्याळपणा सगळे दाखवायचे. चित्रकला म्हणून हे काम अव्वल दर्जाचे आहे, आणि क्लिपीवर झालेल्या यथेच्छ टीकेत याची दखल फार थोड्यांनी घेतली.

आपल्याकडे क्लिपीची गाठ पडली ती संगणकाच्या क्लासात. महाराष्ट्रात एमकेसीएल ही संस्था २००१ मध्ये स्थापन झाली आणि तिच्या एमएस-सीआयटी अभ्यासक्रमातून गावोगावच्या लाखो लोकांनी वर्ड आणि एक्सेलशी पहिली ओळख करून घेतली. छत्तीसगड राज्य १ नोव्हेंबर २००० चे. रायपूर राजधानी झाले, कचेऱ्या वाढल्या, आणि अर्ज, शपथपत्रे, निविदा टंकून देणाऱ्या दुकानांना कामाला तोटा राहिला नाही.

या टंकनाच्या दुकानांत क्लिपीची अवस्था मोठी मजेशीर झाली असणार. तिथे देवनागरी टंकले जाई ते कृतिदेवसारख्या फाँटमध्ये. पुण्याच्या सी-डॅकने जिस्ट तंत्रज्ञानाने भारतीय लिप्या संगणकावर आणल्या होत्या, १९९१ मध्ये इस्की हे भारतीय मानकही ठरले होते, युनिकोडमध्येही देवनागरीला जागा होती. पण रेमिंग्टनच्या टंकयंत्रावर बोटे बसलेल्या माणसाला सोपा पडला तो कृतिदेव. त्यात देवनागरी अक्षरांची चित्रे रोमन अक्षरांच्या जागी बसवलेली असतात. 'राम' असे टंकले की पडद्यावर राम दिसतो, संगणकाच्या लेखी मात्र तिथे जे, के आणि ई ही तीन रोमन अक्षरे असतात. म्हणजे 'प्रति, माननीय तहसीलदार' असा मायना डोळ्यांसमोर सुबक उमटला तरी वर्डला तो निरर्थक रोमन कचरा. शब्दाशब्दाखाली लाल नागमोडी रेघ, आणि हे पत्र आहे असा क्लिपीला पत्ताच नाही. इंग्रजीत तिच्या आगाऊपणाने लोक वैतागले. आपल्याकडच्या टंकनिकाला तिचा जाच त्यामानाने कमीच झाला असावा, कारण तो काय लिहितो आहे हे तिला कळायचा मार्गच नव्हता. कोपऱ्यात बसून ती डोळे मिचकावी आणि तो आपला अर्ज पुरा करी.

क्लिपी आली त्याच सुमारास मायक्रोसॉफ्टने 'एजंट' नावाचे तंत्रज्ञान खुले केले. मर्लिन जादूगार, दिव्यातला जिन, रॉबी यंत्रमानव आणि पीडी पोपट ही पात्रे कोणीही आपल्या प्रोग्राममध्ये किंवा वेबपानावर नाचवू शकत असे, आणि क्लिपी फुग्यातून बोले तसे न करता ही खरोखर मोठ्याने बोलत. त्यांच्या बोलण्यामागची युक्ती चित्रपटातल्या जुन्या ॲनिमेशनचीच होती. शरीराची चित्रे आधी काढून ठेवलेली. तोंडाच्या जागेवर वेगळी चकती: मिटलेले, अरुंद, मध्यम आणि चार प्रमाणांत रुंद उघडलेले, अशी एकूण सात तोंडे. आवाज तयार करणारे इंजिन प्रत्येक ध्वनीबरोबर कळवी की आता ओठ कसे असतील, आणि त्या क्षणी तेवढेच चित्र बदले. सात तोंडांत इंग्रजी, फ्रेंच, जर्मन, जपानी, कोरियन, रशियन सगळे भागे. तोंडे मराठीलाही पुरली असती. आवाजाचे इंजिनच मराठीत किंवा हिंदीत दिले गेले नाही.

या पोपटाचा पुढचा अवतार वाईट निघाला. बॉन्झी नावाच्या अमेरिकी कंपनीने १९९९ मध्ये 'बॉन्झीबडी' फुकट वाटायला सुरुवात केली. आधी तो पीडीच होता, नंतर जांभळा गोरिला झाला. तो विनोद सांगे, गाणे म्हणे, आणि त्याच वेळी जाहिराती दाखवून, घरपान बदलून, वापरणाऱ्याची माहिती गोळा करून मालकाचा धंदा करी. मुलांची वैयक्तिक माहिती पालकांच्या परवानगीविना घेतल्याबद्दल अमेरिकेच्या व्यापार आयोगाने २००४ मध्ये त्या कंपनीला ७५ हजार डॉलर दंड केला. गोड चेहऱ्याचा साहाय्यक नेमका कोणाचा नोकर आहे, हा प्रश्न तेव्हापासूनचा आहे.

क्लिपीची उतरण झटपट झाली. २००१ च्या ऑफिस एक्सपीमध्ये ती आपणहून येईनाशी झाली, आणि मायक्रोसॉफ्टने तिच्या बेकारीवरच विनोदी जाहिराती काढल्या. २००७ च्या ऑफिसमधून ती गेलीच. नॅस यांनी मात्र नंतर एक मासलेवाईक प्रयोग सांगितला आहे. त्यांनी क्लिपीत एवढाच बदल केला की सल्ला दिल्यावर तिने विचारावे, उपयोग झाला का? 'नाही' म्हटले की तिने मायक्रोसॉफ्टवरच चिडावे आणि म्हणावे, चला, आपण दोघे मिळून त्यांना खरमरीत पत्र लिहू. सल्ले तेच, चुकाही त्याच. तरी लोक तिच्यावर खूश झाले. ती आता आपल्या बाजूची वाटू लागली होती.

चेहऱ्याने तोंड पोळल्यावर पुढची दहा वर्षे कंपन्यांनी चेहऱ्याचे नावच काढले नाही. ॲपलची सिरी २०११ मध्ये आली ती नुसता आवाज म्हणून, आणि तोवर यंत्राला कानही बऱ्यापैकी फुटले होते. गूगल असिस्टंटला मराठी समजू लागली २०१८ च्या ऑगस्टमध्ये. सांबराच्या पहिल्या बडबडीनंतर बत्तीस वर्षांनी.

गोल बाजारात मात्र बोलक्या यंत्राने गल्ला गाठला तो या कुठल्याच वाटेने नव्हे. पैसे जमा झाल्याचे मोठ्याने सांगणारा तो छोटा डबा, साउंडबॉक्स, हाच तिथला सर्वांत यशस्वी बोलका मदतनीस. त्याला चेहरा नाही, कानही नाहीत. त्याच्या पोटात स्वतःचे सिम कार्ड असते, त्यामुळे मालकाचा मोबाईल घरी राहिला तरी अडत नाही. यूपीआय २०१६ मध्ये सुरू झाले आणि काही वर्षांतच हा डबा बांगड्यांच्या, मसाल्यांच्या, पूजासाहित्याच्या दुकानात अगरबत्तीच्या शेजारी जाऊन बसला. क्लिपीच्या सगळ्या दोषांवर तो उतारा आहे. पैसे आले तरच बोलतो, जे बोलतो ते खरे असते, आणि दोन हातांनी साडीची घडी घालणाऱ्या माणसाला मान वर न करता ते ऐकू येते. ल्युमिएरवाल्यांनी ज्या योग्य क्षणाचा शोध घेतला, तो इथे कोणी शोधावाच लागत नाही. पैसे जमा झाले की तोच क्षण. म्हणून मी त्याला हुशार म्हणणार नाही, पण उपयोगी नक्कीच म्हणेन.

चेहरा आणि कान दोन्ही एकत्र आणण्याचा एक प्रयोग भारतात झाला, आणि तो लहान मुलांसाठी. २०१९ च्या मार्चमध्ये गूगलने 'बोलो' हे वाचनाचे ॲप काढले. त्यात दिया नावाची चित्रातली मुलगी असते. मूल गोष्ट मोठ्याने वाचते, दिया ऐकते. अडखळले की शब्द सांगते, जमले की शाबासकी देते. शब्दावर बोट ठेवले तर उच्चार करून दाखवते. गोष्टी प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हरसारख्या संग्रहांतल्या. ऐकण्याचे काम फोनच्या आतच चालते, म्हणून इंटरनेट नसलेल्या गावातही ते ॲप वापरता येते. उत्तर प्रदेशातल्या सुमारे २०० खेड्यांत आधी त्याची चाचणी झाली होती. २०२० च्या मे महिन्यात, शाळा बंद असताना, ते 'रीड अलाँग' या नावाने जगभर गेले तेव्हा त्याच्या नऊ भाषांत मराठीही होती.

दिया यशस्वी का, हे क्लिपीशेजारी ठेवून पाहिले की उलगडते. वर्ड वापरणारा माणूस हजार कामे करू शकतो. त्यातले कोणते चालू आहे हे ओळखणे महाकठीण. दियासमोर मूल एकच काम करते, आणि पुढचा शब्द कोणता यायला हवा हे तिला आधीच माहीत असते. तिला फक्त एवढे ताडायचे असते की तो आला की नाही. शिवाय सात वर्षांच्या मुलाला कोणी शाबास म्हटलेले आवडते. चाळीस वर्षांच्या कारकुनाला ते आवडेलच असे नाही.

यानंतर चेहऱ्यांची लाटच आली. २६ मे २०२४ ला डीडी किसान वाहिनीवर एआय क्रिश आणि एआय भूमी हे दोन कृत्रिम निवेदक अवतरले. पन्नास भाषांत बोलू शकतात असे सांगितले गेले. ते हवामान, बाजारभाव, योजना सांगतात. पण बातमी वाचणारा चेहरा ऐकत नाही. धानाला तुडतुडे लागले आहेत, काय फवारू, हे त्यांना विचारता येत नाही. त्या अर्थाने आज्ञावलीने चालणारे हे दोघे एजंटच्या मर्लिनचेच देखणे वंशज. २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये खुद्द मायक्रोसॉफ्टने आपल्या कोपायलटला 'मिको' नावाचा रंग बदलणारा गोळा चेहरा म्हणून दिला. त्याला पुन्हापुन्हा टोचले की त्याची क्लिपी होते. म्हणजे कंपनीलाही आता तिची आठवण गोड वाटू लागली आहे.

गोल बाजाराच्या दृष्टीने महत्त्वाचे काम बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत झाले आहे, आणि त्याला चेहरा नाही. 'सिस्पिन' या तिथल्या प्रकल्पात नऊ भारतीय भाषांतल्या कृत्रिम आवाजासाठी व्यावसायिक आवाजांची ध्वनिमुद्रणे करून ती खुली करण्यात आली. त्या नऊ भाषांत मराठी आहे आणि छत्तीसगढीही आहे. जोडीचा 'रेस्पिन' प्रकल्प बोलणे ओळखण्याचा, आणि त्यातली वाक्ये मुख्यतः शेती आणि पैशाच्या व्यवहारांतली. राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत नसलेल्या छत्तीसगढीला तिथे मराठीच्या बरोबरीने जागा मिळाली, ही गोष्ट लहान नाही.

तरी खरी परीक्षा पुढेच आहे. भोसल्यांच्या राजवटीपासून मराठी माणूस या भागात रुजला. रायपूरचा तात्यापारा ही त्याची जुनी वस्ती. तिथली एखादी गृहिणी घरी मराठी बोलते, दुकानात हिंदी, भाजीवालीशी छत्तीसगढी, आणि घाईत तिन्ही एका वाक्यात. 'भइया, ते ढाई सौ वालं दिखाओ, नाही गा, ओ लाल वाला' असे ती म्हणते तेव्हा थान उलगडणाऱ्या पोराला क्षणभरही अडखळायला होत नाही. एका वेळी एकच भाषा शिकवून तयार केलेल्या यंत्राला या वाक्यात भाषा कुठे बदलली, 'ढाई सौ' म्हणजे दोनशे पन्नास, 'गा' हे नुसते संबोधन आणि 'ओ लाल वाला' म्हणताना बाईंचे बोट कुठे होते, हे सगळे एकदम कळावे लागते. शेवटच्या गोष्टीसाठी त्याला कानांखेरीज डोळेही लागतील.